हत्तींची चाहूल आणि अनोळखी भाषा

सह्याद्रीच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात बहीण-भावाची एक छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी होती. बहीण मंदाकिनी, भाऊ श्रीरंग.

गावाला त्रास होता रानहत्तींचा. कळप अचानक केळीच्या बागेत शिरायचा, माणसं जीव घेऊन पळायची. मंदाकिनीने ठरवलं, रानात जागोजागी माइक लावायचे आणि हत्तींची चाहूल लागताच गावात भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम लिहायचा. त्यासाठी तिने फारशी कुणाला न येणारी एक प्रोग्रॅमिंगची भाषा निवडली. कारण त्या भाषेत प्रोग्रॅमचा एखादा भाग कोलमडला, तरी बाकीचे भाग चालूच राहत.

पण हाताखाली हुशार माणसं हवी होती, आणि शहरासारखा पगार देणं काही जमणार नव्हतं.

"ताई, सगळ्यांना येते ती भाषा घे," श्रीरंग म्हणाला. "हिचं नाव वाचून कोण येणार इथे?"

मंदाकिनीही विचारात पडली. मग म्हणाली, "कामाला जी भाषा योग्य, तीच घ्यायची. आणि जाहिरातीत खरं तेच लिहायचं."

जाहिरात निघाली : 'काम हत्तींचं. भाषा अनोळखी. पगार बेताचा. चुका करायला मुभा.'

बरेच दिवस कुणी फिरकलं नाही. श्रीरंगचा चेहरा उतरला. मग एका सकाळी एसटीतून एक मुलगी उतरली आणि विचारत विचारत थेट दारात आली.

"खरंच या भाषेत काम करायला मिळेल? मी घरी हौसेने शिकले हो! ऑफिसात मात्र रोज तेच ते."

काम पाहून ती हरखली. तिने मित्रांना फोन केले. ते आले, त्यांचे मित्र आले. दिवसभर वाद, हसणं, रानात जाऊन कान लावून बसणं!

एका संध्याकाळी कळप आला. एका हत्तीने माइकच उपटून भिरकावला. प्रोग्रॅमचा तेवढा भाग बंद पडला. पण बाकीचे माइक ऐकतच होते. भोंगा वाजला! बागेतली माणसं लेकराबाळांसह सुखरूप घरी पोचली. हत्तींनी केळी खाल्ली आणि ते डुलत डुलत रानात परतले. गावाने पेढे वाटले.

ही बातमी ऐकून शहरातल्या एका मोठ्या कंपनीचे मालक आले. "मी दुप्पट पगार देतो, तरी चांगली माणसं टिकत नाहीत. इथे कशी टिकतात?"

ती मुलगी हसून म्हणाली, "साहेब, तिकडे आम्हाला येतं तेवढंच करायचं होतं. इथे येत नाही तेही करून बघता येतं."

तात्पर्य काय, तर गुणी माणसाला ओढून आणावं लागत नाही. जीव रमेल असं नवं काम मांडावं, तो आपल्या पायांनी चालत येतो.