बोकडाची आंघोळ

"साबण कोणता लावलास?"

दामूबुवांनी हे इतक्या गंभीरपणे विचारलं, की मला खरं सांगावंच लागलं.

"लहान बाळांचा."

बुवा माळावरच्या मठात राहतात, शेळ्या पाळतात. मी माझा बोकड, गोट्या, त्यांच्याकडे ओढत नेला होता. त्याची आई विताना दगावली, म्हणून तो बाटलीवर वाढला, माझ्या लेकीच्या बरोबरीनं. दोघंही पाच महिन्यांचे. ती बुवांच्या घोंगडीवर झोपली होती. अजून नीट पालथी पडत नाही. आणि हा...

"किती वेळा धुतलास?"

"तीनदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. स्वतःच्याच दाढीवर मुततो, बुवा! वरचा ओठ उचलून वेड्यासारखा बघत राहतो. आणि सोबत जन्मलेल्या सख्ख्या बहिणीच्या, त्या पाटीच्या मागं लागतो."

"कशानं होतं म्हणे?"

"या वयात संप्रेरकं वाढतात. पुस्तकात दिलंय." जरा रुबाबातच म्हणाले मी. मग राहवलं नाही. "पण माझंच काही चुकलं का हो? दूध जास्त झालं का?"

बुवांनी गोट्याची दाढी हातात घेऊन पाहिली.

"उद्या खच्ची करून घेते. म्हणजे पहिल्यासारखा होईल. माझ्याजवळ राहील."

"आणि नाही केलं तर?"

"तर वेगळा ठेवावा लागेल. तुम्हाला बोकड हवाय म्हणालात ना... तुमच्याकडे."

बुवांनी माझ्या हातून दोर घेतला आणि गोट्याला कुडाजवळ नेलं. पलीकडच्या शेळ्या पाला खायच्या थांबल्या. एकेक करत आल्या, फटींतून नाकं काढून उभ्या राहिल्या.

मी पदरानं नाक दाबलं होतं.

"हेच धुऊन टाकत होतीस," बुवा म्हणाले.

मी पदर खाली घेतला. "इथं ठेवू त्याला?"

"बोकड तुझा. मला काय विचारतेस?"

शेजारची खोपी रिकामी होती. गोट्याला आत नेलं. पाणी ठेवलं, पाला टाकला, मानेखाली खाजवलं. सुटला तर थेट शेळ्यांत घुसेल, म्हणून फाटकाची कडी नीट लावली. दोनदा ओढून पाहिली. लागली होती.

मान वर केली. फाटकाबाहेर बुवा उभे, त्यांच्या खांद्यावर माझी जागी झालेली लेक.

"कडी झकास लागलीय, पोरी," ते म्हणाले. "आता तू बाहेर ये."