धनेशाचं सुतक

फार पूर्वी, जिथे डोंगर संपून सपाटी सुरू होते अशा एका नगरात एक चित्रकार राहत होता. हात बरा होता, पण त्याने काढलेले सगळे देव एकमेकांचे सख्खे भाऊ वाटायचे. लोक त्याचं चित्र घ्यायचे आणि दाराच्या मागे लावायचे.

एका वर्षी तो डोंगर चढून रानात गेला. ते रान असं दाट, की भरदुपारी वाट चाचपत जावं लागे. बारा महिने हिरवं, बारा महिने ओलं. तिथल्या लोकांच्या कुडाच्या भिंती गेरूने सारवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर तांदळाच्या पिठाने सगळं रान काढलेलं होतं. शेकरू झेप घेत होतं, खवल्या मांजर अंगाचं वेटोळं करून पडलं होतं, धनेश पक्षी चोचीत उंबर धरून ढोलीकडे निघाला होता. चित्रकार पहिल्याच दारात खिळून उभा राहिला. जे त्याला जन्मभर जमलं नव्हतं, ते इथे चुलीच्या धुरात काळं होत होतं.

त्या घरात एक आजी होती. तिने त्याला चार महिने ठेवून घेतलं. पहिला महिनाभर कुंचला हातात दिलाच नाही. "आधी बघ. ज्याला बघितलं नाहीस त्याला काढायचं नाही," एवढंच म्हणायची. मग बांबूची काडी चावून तिचा कुंचला कसा करायचा इथपासून तिने सगळं शिकवलं. तो निघाला तेव्हा तिने त्याला अंगणात थांबवलं.

"हात बसला तुझा," ती म्हणाली. "आता नातं ऐक. भिंतीवर ज्याला घेतलं तो घरातला झाला. त्याच्यात कोणी गेलं की सुतक तुलाही. दहा दिवस कुंचला नाही, गोडधोड नाही, लग्नकार्य नाही. आणि समाचाराला यायचं, कसं झालं म्हणून विचारायचं. ज्याच्या घरी चित्र काढशील त्यालाही हे सांगायचं."

"होय आजी," चित्रकार म्हणाला. होय म्हणायला कुठे कष्ट पडतात?

नगरात परतल्यावर त्याचं नशीब उघडलं. आधी एकाच्या ओटीवर रान उमटलं, मग शेजाऱ्याच्या, मग गल्लीभर. लग्नघर असलं की भिंतीवर धनेशाची जोडी हवीच, असा रिवाजच पडला. एका शेठने तर भिंतीवरचं रान रस्त्यावरून नीट दिसावं म्हणून अंगणातला आंबा तोडला.

अट मात्र चित्रकाराने कोणालाही सांगितली नाही. लग्नघरात सुतकाची गोष्ट कोण काढणार? उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता दोन वर्षं गेली.

मग प्रधानाचं बोलावणं आलं. राजासाठी मोठं सभागृह बांधलं जात होतं. "चारही भिंतींवर अख्खं रान पाहिजे," प्रधान म्हणाला. "रानातल्या भोळ्या लोकांचा गौरव झाला पाहिजे!" हा गृहस्थ उभ्या आयुष्यात डोंगर चढला नव्हता.

सभागृहाच्या तुळया, खांब, दारं, सगळं लाकूड त्याच रानातून येत होतं. चित्रकार भिंतीकडे तोंड करून काम करायचा आणि त्याच्या पाठीमागून ओंडक्यांच्या गाड्या जायच्या. चाकं करकरली की तो आणखी बारीक काम काढून बसायचा. पण पाठीला कान असतातच.

चित्र पुरं झालं. फक्त धनेशाचा डोळा राहिला. तो दुसऱ्या दिवशी राजासमोर काढायचा आणि त्याच क्षणी चित्रकाराला राजचित्रकाराची पगडी मिळायची, असं ठरलं. त्या आनंदात तो दुपारी जेवायला बसला, तर दारात आजी.

"आत या ना," चित्रकाराची बायको लगबगीने म्हणाली. "आधी पाणी घ्या."

"नको बाई. सुतक आहे."

"अगंबाई! कुणाचं?"

"तुमचंही आहे. धनेश ज्याच्या भिंतीवर, त्या सगळ्यांचं आहे," आजी म्हणाली. मग ती चित्रकाराकडे वळली. "धनेशाची मादी गेली. ढोलीत बसली होती, अंडी फुटून पिल्लं झाली होती. तुला माहीतच आहे, ढोलीचं तोंड लिंपून घेते ती. नर आणून देईल तेवढंच खायचं, बाहेर यायचं नाही. तशातच त्यांनी झाड पाडलं."

बायकोच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "म्हणजे बाळंतीणच की हो!"

"बाळंतीणच. नर अजून त्या जागेवर घिरट्या घालतोय. चोचीत उंबर आहे आणि द्यायला कोणी नाही."

चित्रकार ताटावरून उठला. "आजी, उद्याचा एक दिवस जाऊ दे. एकच डोळा काढायचा राहिलाय. परवापासून दहा दिवस पाळतो."

 आजीच्या आधी बायकोच बोलली.

"तुम्ही यांना शब्द दिला होता?"

"दिला होता."

"आणि गावाला सांगितलं नाहीत? अहो, गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या लग्नात तुम्हीच ती जोडी काढलीत!" तिने चुलीवरची खीर उतरवून बाजूला ठेवली. "तुमची पगडी तुम्ही सांभाळा. मी आजपासून सुतक धरते."

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. राजा आला, वाद्यं वाजली, प्रधानाने चांदीच्या वाटीत पांढरा रंग पुढे केला. चित्रकार डोकं भादरून, उघड्या अंगाने उंबऱ्याबाहेर उभा होता आणि त्याच्या मागे आजी.

"हे काय सोंग?" प्रधान दबक्या आवाजात खेकसला. "आत ये. डोळा काढ."

"सुतक आहे."

"आजच मरायचं होतं? कोण गेलं?"

"घरातली बाळंतीण," चित्रकार म्हणाला, आणि वाद्यं थांबली.

गर्दीतून एक म्हातारी कळवळून म्हणाली, "अरे देवा! कशी गेली रे?"

त्या एका प्रश्नाने चित्रकाराचा बांध फुटला. त्याने सगळं सांगितलं. ढोली सांगितली, झाड सांगितलं, त्याच रानाच्या तुळया कुठे बसल्या आहेत ते बोट वर करून दाखवलं. मग म्हणाला, "ज्यांच्या ज्यांच्या घरी मी धनेश काढला, त्या सगळ्यांना सुतक आहे. ही अट मला शिकतानाच सांगितली होती. मी ती तुमच्यापासून लपवली. कला आणली आणि नातं तिथेच टाकून आलो."

एकच गलका उडाला. "माझ्या मुलीचं लग्न आहे परवा!" "मंडप घातलाय आमचा!" "आधी सांगायला काय जीभ झडली होती?" कोणीतरी जोडा भिरकावला, तो चित्रकाराच्या खांद्याला लागला. एक हलवाई ओरडला, "मी आत्ता घरी जाऊन चुना फासतो त्या भिंतीला!"

"फास," आजी शांतपणे म्हणाली. "पण घरचं माणूस गेल्यावर त्याचं चित्र पुसलं, म्हणून सुतक फिटतं का रे?"

प्रधानाने हात उंचावला. "पाखराचं कसलं सुतक! शिवाय झाडं कोणी तोडलेली नाहीत. रान जरा विरळ केलंय, एवढंच."

तेव्हा जिच्या मुलीचं लग्न परवावर आलं होतं, ती बाई पुढे झाली. "मग ती बाळंतीण मेली नाही म्हणा की, प्रधानजी. विरळ झाली!"

कोणीही हसलं नाही. त्या बाईने घरी जाऊन मंडप सोडायला सांगितलं. ते पाहून शेजारणीनेही सांगितलं. बाळंतिणीचं मरण हे बायकांना कोणी समजावून द्यावं लागत नाही. दहा दिवस त्या नगरात एकही सनई वाजली नाही. हलवायाची भट्टी थंड पडली आणि सभागृहाला कुलूप राहिलं. अकराव्या दिवशी, रीत आहे म्हणून, शेकडो माणसं डोंगर चढून समाचाराला गेली.

वर त्यांना रान सापडेना. बुंधेच बुंधे होते, अजून ओले. "कसं झालं?" म्हणून त्यांनी लाकूडतोड्यांना विचारलं. त्यांनी मुकादमाकडे बोट दाखवलं, मुकादमाने हुकूम दाखवला, हुकमावर प्रधानाची मोहोर निघाली. एवढी सोपी वाट होती. आजवर तिच्यावरून कोणी चाललंच नव्हतं.

तो हुकूम घेऊन माणसं राजाच्या दारात जाऊन बसली. राजा काही फार सज्जन होता असं नाही. पण अख्खं नगर एकच प्रश्न विचारतंय आणि उठत नाहीये, हे त्याला कळलं. त्याने कुऱ्हाडी थांबवल्या आणि प्रधानाला घरी बसवलं. बुंध्यांच्या पलीकडे उरलेल्या अर्ध्या रानाला पुन्हा हात लागला नाही.

चित्रकाराला पगडी मिळाली नाही. तो घरोघरी गेला, माफी मागितली, अट सांगितली आणि म्हणाला, "नको असेल तर मी स्वतः पुसून देतो." काहींनी दार लावून घेतलं. काहींनी पुसून घेतलं. बहुतेकांनी ठेवलं.

तीन वर्षांनी रानातून निरोप आला, की धनेशाच्या एका जोडीने उरलेल्या झाडांत ढोली धरली होती आणि पिल्लू उडालं. चित्रकाराने तो निरोप गल्लीगल्लीत पोचवला. घरातली बाळंतीण सुखरूप सुटली म्हटल्यावर बायका स्वस्थ बसतात होय? बाळंतविडा न्यायचा ठरला, आणि काय न्यावं यावर दोन दिवस भांडणं झाली. शेवटी ज्या शेठने अंगणातला आंबा तोडला होता, त्याच्या सुनेने सुचवलं ते सगळ्यांना पटलं. बायका डोक्यावर पाट्या घेऊन डोंगर चढल्या आणि पाट्यांमध्ये होती उंबराची रोपं.

आजीने एकेक रोप पारखून पाहिलं आणि बोळकं पसरून हसली. "बरं केलंत बायांनो. मला वाटलं होतं, डिंकाचे लाडू आणता की काय!"

मग सगळ्याजणी मिळून बुंध्यांच्या मधल्या जागेत खड्डे खणू लागल्या.

तात्पर्य इतकंच: ज्यांची कला आपल्या भिंतीवर आणली, त्यांचं दुःखही आपल्या घरात घ्यावं लागतं, आणि "कसं झालं?" हा प्रश्न सगळ्यांनी मिळून, उत्तर मिळेपर्यंत विचारला, तर पुढचं मरण टळतं.