म्हातारं रबर आणि मुकी शिट्टी

भांडी माणसांपेक्षा जास्त बोलायची, त्या काळची गोष्ट. पावसाळ्यापर्यंत टिकावा म्हणून द्वारकाकाकूंनी कोवळा फणस बरण्यांत घट्ट बंद करून त्या बरण्या मोठ्या कुकरमध्ये उकडायला ठेवल्या होत्या. झाकणाच्या म्हाताऱ्या रबराचा जीव मात्र टांगणीला लागला होता. आत वाफ कोंडत होती आणि शिट्टी गप्प!

"शिट्टीबाई, वाजा की!"

"माझं मी बघते. तू गळलंस तर कचऱ्यात जाशील हं!"

एवढ्यात काकू कुकरवर वाकल्या. रबराने डोळे मिटले आणि काकूंना भाजू नये म्हणून पलीकडच्या बाजूने फुस्सकन वाफ सोडली. काकूंनी दचकून गॅस बंद केला. कुकर निवल्यावर शिट्टी उजेडात धरली, तर भोकात कालच्या डाळीचं साल!

साल निघालं. रबरही कचऱ्यात गेलं.

नवं रबर बसलं, तेव्हा शिट्टी हळूच म्हणाली, "बाळा, मी गप्प दिसले तर लाजू नकोस. खुशाल गळ."