कारभाऱ्यांची कुत्री

“…मग ते दिवस गेले कुठं, बाबा?”

व्यंकटराव घार्गे विचारत होते. संस्थान होतं तेव्हा ते तिथल्या शिकारखान्याचे कारभारी. संस्थान विलीन होऊन बरीच वर्षं लोटली, तरी गाव त्यांना कारभारीच म्हणे. सकाळ झाली की ते टेकडीवरच्या चांदशा फकिराकडे येऊन बसत आणि जुन्या गोष्टी काढत.

त्यांच्यामागून एक तांबूस गावठी कुत्री यायची. उंबऱ्याबाहेर पडून राहायची.

“माझा शमशेर!” कारभारी म्हणाले. “महाराज स्वतःच्या ताटातला घास द्यायचे त्याला. तसला कुत्रा आता जन्माला यायचा नाही.”

“आणि ही?” फकिरानं बाहेर बोट दाखवलं.

“ही? ही आपली राहते. भाकरी टाकतो.”

“निजते कुठं?”

“माझ्या पायाशी. मला खोकल्याची उबळ आली की उठून बसते, थांबेपर्यंत बघत राहते. देवळात गेलो तर चपलांपाशी थांबते.”

“नाव काय?”

“नाव कशाला ठेवायचं? कुत्रा माझा एकच. तो गेला, तेव्हापासून मला कुत्रा नाही.”

फकिराची नजर टेकडीखाली गेली.

खालच्या वाटेनं बिरा धनगर मेंढरं घेऊन चालला होता. फकिरानं त्याला हाक मारून वर बोलावलं. खांद्यावरचा पंचा काढला, कुत्रीच्या गळ्यात बांधला आणि टोक बिराच्या हातात दिलं.

“घेऊन जा. राखणीला होईल.”

“द्या की बाबा. आमचं कुत्रं म्हातारं झालंय.”

कारभाऱ्यांना वाटलं, थट्टा चाललीय. ते हसलेसुद्धा.

बिरा उतरू लागला. कुत्री अडली. तिनं कारभाऱ्यांकडे बघितलं. ते गप्पच राहिले, तेव्हा ती मुकाट्यानं निघाली.

मेंढरं वळणाशी पोहोचली, तेव्हा कारभाऱ्यांचं हसू उतरलं.

“बाबा… खरंच दिलीत?”

“दिली.”

“मला न विचारता?”

“तुम्हाला कुठं कुत्रा आहे?”

कारभारी ताडकन उठले. टेकडीच्या कडेला येऊन त्यांनी हाक मारली.

“शमशेर!”

कुत्रीचा कानसुद्धा हलला नाही.

“शमशेर! ए… ए…”

पुढं नावच सापडेना. ते तसेच उभे राहिले, तोंड उघडं. मग एकदम धावत सुटले. डोईचा रुमाल घाणेरीच्या झुडपात अडकला, तो तिथंच राहिला. पायांत वहाणाही नव्हत्या.

बऱ्याच वेळानं ते परत आले. कुत्रीला लेकरासारखं छातीशी धरलं होतं. पाय रक्ताळलेले. ती त्यांची हनुवटी चाटत होती.

ते मटकन उंबऱ्यावर बसले.

“मी तिला… त्याच्या नावानं हाक मारली, बाबा.”

“ऐकली.”

“तिनं वळून बघितलंच नाही. इतकी वर्षं ही माझ्या पायाशी निजते. आणि मला तिला हाक मारायला नावसुद्धा नाही.”

फकिराकडे ते नुसते बघत राहिले, अंगावर वीज पडल्यासारखे.

फकिरानं मडक्यातून वाडगाभर पाणी काढलं आणि त्यांच्यापुढं सरकवलं.

“आधी तिला पाजा, कारभारी. ऊन चढलंय.”