हैबती बहुरूप्याचं शेवटचं सोंग

लावा पैज! ह्या गोष्टीचा शेवट आदी कोन सांगतो बघू. तुमी म्हनाल, बहुरूपी खरंच मेला आन लोकास्नी वाटलं सोंगच हाय. हाट! ती दुसऱ्या गावची गोष्ट. आमच्या धामनटेकची न्हाई. बसा गप आन ऐका.

लई लई वर्सांमागं, तुमच्या आज्याचा आजा पाळन्यात रडत व्हता तवा, हैबती बहुरूपी व्हता. आईच्या कडंवर असल्यापास्नं त्यो सोंगात. बाप म्हातारी व्हायचा, आन हे तान्हं तिचं रडकं नातवंड. चालाया लागला तसा मारुतीचा वानर झाला. मोठा झाला, मग तर काय इचारूच नगा. वाघ झाला तवा म्हसरांनी दावी तोडली. पोटुशी बाई झाला तवा सुईनीनं चुलीवर पानी ठिवलं. एकदा तर हीर झाला, आन बाया घागरी घिऊन त्येच्याकडं गेल्या, असं म्हनत्यात. मी न्हाई म्हनत, लोक म्हनत्यात.

आमच्यात रीत अशी. जत्रंला बहुरूप्यानं सोंग आनायचं. पाटलानं "वळखलं!" म्हनलं की सोंग सुटलं. तवर त्यो ज्येचं सोंग त्योच. त्येच्याच नावानं जेवायचं, त्येच्याच नावानं निजायचं.

आता पाटील ऐका. रंगराव. हैबतीच्याच वयाचा. ल्हान असताना रंगराव पोट फुडं काढून, नाकात बोट घालून चालायचा. पाच वर्साच्या हैबतीनं भर जत्रंत तसंच चालून दावलं. सारा गाव लोळून हसला. रंगराव रडत घरी गेला, आन ते रडं त्येनं जल्मभर पोटात ठिवलं. म्हनून तर पोट यवढं!

हैबती म्हातारा झाला. त्येची बायको तानू, त्येचं त्वांड रंगवून रंगवून तिची बोटं पिवळी पडल्याली. तिचं गुडघं गेलं. गावोगाव चालवंना. हैबती चावडीवर आला, पागोटं पाटलाच्या पायावर ठिवलं.

"पाटील, म्हातारीला बसाया जागा द्या. घोंगडं हातरंल यवढीच. लिंबाखाली दिली तरी चालंल."

"कुनाच्या नावानं देऊ रं?" रंगराव म्हनला. "आज मानूस, उद्या माकड. तुज्यासारक्याला गाव नसतं हैबत्या."

आन गाव काय बोललं? काय न्हाई! ज्येंच्या बापास्नी हसवलं, ज्येंच्या पोरास्नी हसवलं, त्ये समदे आपल्या वहाना बघत बसले. जशी काय वहान आजच घेतलीया! एकाच्या तोंडातनं निगालं न्हाई, की पाटील, द्या की. हसाया बरी बत्तीशी निगत व्हती भाड्यांची.

रंगरावानं वर शर्त घातली. "जत्रंला असं सोंग आन, की वळखूच येऊ नये. वळखलं, तर गावानं त्याच पावली शिवंभाईर हाकलायचं. पुन्ना पाय ठिवायचा न्हाई."

"जी, जी," गाव म्हनलं. ह्येला मातुर जीभ फुटली.

जत्रा आली. रंगराव सकाळी वढ्यावर आंगूळीला गेला. डोईवर पागोटं चढवून, मिशीला पीळ दिऊन माघारी आला. बघतो तर पारावर पाटील बसलेला! त्येच पोट, तीच मिशी, तसंच नाकात बोट. पाटलाचं कुत्रं त्येचं पाय चाटतंया. सावली सुदीक पोटाळ पडल्याली, असं म्हनत्यात.

रंगराव वरडला, "आरं, मी पाटील हाय! त्यो हैबत्या!"

गाव हसून हसून आडवं. "वा रं हैबत्या! आवाज बी त्योच! आरं, पोटात उशी घातलीस का गाडगं?" एकीनं तर बोटानं पोट टोचून बघितलं. "आगं बया, खरंच मऊ हाय की!"

पारावरचा पाटील उठला. बोट दावलं. "वळखलं!"

झालं. शर्त ती शर्त. गावानं धरलं रंगरावाला, आन वाजत गाजत शिवंभाईर काडलं. त्यो बोंबलतोय, मी पाटील, मी पाटील! आन गर्दीतली सोनाराची म्हातारी म्हनती, "बास की आता. आज मानूस, उद्या माकड!" त्येला ना बायको, ना प्वार. कोन म्हननार, हा आमचा?

गावाला खरंच कळलं न्हाई, का कळून सवरून गप बसलं? ते तुमीच ठरवा. मी त्या गावचाच हाय, मला इचारू नगा.

पारावरनं पयला हुकूम सुटला. "बहुरूप्यानं शर्त हारली, त्येच्या बायकुचा काय गुन्हा? तिला लिंबाखाली जागा द्या, खोपाट बांदून द्या."

"जी पाटील!" बिडी इझायच्या आत जागा साफ! काल हैबती पाया पडला तवा कुटं गेलतं रं हे हात?

तानू लंगडत आली. नवऱ्याचं त्वांड जल्मभर रंगवल्याली बाई ती. एक नजर, आन तिनं वळखलं. पर तोंडातनं शबूद काडला, तर दोगं बी शिवंभाईर. ती मटकन बसली, आन कपाळ बडवून रडाया लागली, "माजा धनी गेला वं, मला सोडून गेला!" जल्मात तिनं यवढं एकच सोंग केलं.

आजून आमच्या जत्रंत कुनी बी येऊ द्या. डोंबारी, अस्वलवाला, त्यो आर्केस्ट्रात मुरडनारा पोरगा. आदी त्येला त्या लिंबाखाली बसवून जेवू घालत्यात. सरपंच असू द्या, फौजदार असू द्या, आमदार असू द्या, तवर उभा. खुर्ची न्हाई. हैबतीचा मान, म्हनत्यात. मान! जित्या मानसाला घोंगड्यायवढी जागा दिली न्हाई, आन आता मान!

आन हैबतीचं त्ये सोंग काय सुटलं न्हाई. कोन सोडवनार? "वळखलं" म्हननारा पाटील शिवंभाईर. हैबती मरस्तवर पाटीलच ऱ्हायला. त्येची नक्कल करायची बी कुनाची छाती झाली न्हाई, आन त्येला बगून कुनी हसलं न्हाई. रोज दिस कलला की लिंबावरनं जायचा. म्हातारी डोईवरचा पदर फुडं वडायची, गुडघ्यावर हात दिऊन उभी ऱ्हायची.

"रामराम, पाटील."

"बरं हाय न्हवं, बाई?"

यवढंच. आन त्यो फुडं जायचा.

मेला, तवा गावानं त्येला पाटील म्हनून जाळला. बाया जमल्या, तानू बी लांब उभी. धाय मोकलून रडावं तर गाव म्हननार, पाटलासाटी ही का रडती? घरी आली, कुकू पुसाया पदर उचलला, पर पुसावं कसं? गावाच्या लेखी तिचा नवरा तर जिता व्हता न्हवं, शिवंभाईर! मग रोज सकाळी उठून, ऱ्हायल्याल्या समद्या वर्सांत, म्हातारीनं त्या पिवळ्या बोटानं कपाळावर कुकू लावलं.