धोंडाबाईचं सोमवारपासून

दगडांना बोलता यायचं तेव्हाची गोष्ट. जात्याच्या वरच्या दगडाला, धोंडाबाईला, सुपासारखं हलकं व्हायचं होतं. आपण सगळ्या करतो तसं तिनंही सोमवारपासून खाणं बंद केलं. एक दाणा तोंडात न घेता नुसतीच गरगर फिरली. खाली भुगा पडला.

"भागामावशी, झडले बघा मी!"

खालच्या दगडानं, भागामावशीनं, भुगा चाखला. "अगं बये, हे तुझे दात! ते गेले की आपल्याला न्हाणीत टाकतात, टाचा घासायला."

धोंडाबाई गारठली. मग तिनं मावशीकडे नीट पाहिलं. मूठमूठ दाणे खात, वर्षानुवर्षं सावकाश, मावशी किती सुरेख पातळ झाली होती! आणि दात सगळे शाबूत.

"मावशी, तुमच्यासारखं व्हायला किती दिवस लागतील हो?"

"आधी जेवून घे, मग सांगते."