पैलतीराच्या पाटीची कहाणी

ऐका दर्यामाये, तुझी कहाणी. समुद्राच्या काठाला एक आटपाट नगर वसलं होतं. तिथं एका वाण्याचं दुकान होतं. दुकानात तांदूळ होते, कुळीथ होते, गूळ होता. घरात म्हातारी सासू होती, तिचा मुलगा कान्हूशेट होता, नवी सून तापी होती.

म्हातारीचा एक वसा होता. ती काय करी? सकाळी दुकान उघडी, दिवा लावी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी पोत्यापोत्यातली मूठमूठ पाटीत टाकी. पाटी भरली की निवडी, पाखडी, ऊन दाखवी. नारळी पुनव झाली, दर्या निवला, की धाकू तांडेल गलबत हाकारी आणि ते धान्य पैलतीराच्या बेटावर नेई. तिथं पाऊस नाही, माती खारी, माणसं उपाशी.

तापीनं विचारलं, "आत्याबाई, ती माणसं आपली कोण?"

"कोणी नव्हेत."

"त्यांची बोली कळते?"

"नाही कळत."

"मग?"

"भूक कळते ना, बाई! उतू नकोस, मातू नकोस. आपण खातो तेच त्यांना धाड."

असे पुष्कळ श्रावण गेले. दोघी पडवीत बसत, सुपं वाजत, म्हातारी ओव्या म्हणे, निवडल्या तांदळाचा वास घरभर होई. त्या दिवसांची सर तापीला पुढं कशालाच आली नाही. मग एके वर्षी म्हातारी देवाघरी गेली.

कान्हूशेट मालक झाला. दुकानावर त्यानं फळी टांगली, 'परदेशीच्या गरिबांचा अन्नदाता.' फळी वाचून गिऱ्हाईक वाढलं, तसा तो चढला. पहिल्या वर्षी पाटीत झाडलेली कणी घातली. तापी म्हणाली, "असं करू नये." तो म्हणाला, "भुकेल्याला कसली चव?" दुसऱ्या वर्षी किडका तांदूळ घातला. तापी रडली. तिसऱ्या वर्षी बुरशी धरलेले कुळीथ घातले आणि वाजतगाजत बंदरावर नेले. तापी गप्प राहिली.

मग दर्यामाय कोपली. त्या दुकानचा तांदूळ कोणाच्या चुलीवर शिजेना, कुळीथ भिजेनात, गूळ गोड लागेना. गिऱ्हाईक फिरकेना. धाकू तांडेल बेटावरून परतला. पायरीशी उभा राहून म्हणाला, "वहिनी, तुमच्या धान्यानं तिथली पोरं आजारी पडली. गलबत लागलं की बाया धावत यायच्या. आता लांबच उभ्या राहतात."

तापीनं ते ऐकलं. ती उठली, माहेरी गेली, नवं भात आणलं. उखळात कांडलं, निवडलं, तीनतीनदा पाखडलं. म्हणाली, "तांडेलभाऊ, मी येते."

कान्हूशेट आडवा आला. "बाईमाणूस दर्यापार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. किडकं तुमच्या हातून गेलं, मी पाहत राहिले. आता मला तोंड दाखवून येऊ द्या."

मग ती गलबतात बसली. दर्यामायेनं वाट दिली. बेट आलं, बाया लांब उभ्या राहिल्या. तापीनं वाळूत धाबळी पसरली, तीवर तांदूळ ओतले, हात जोडले. एक म्हातारी पुढं आली. खाली बसली, तांदूळ निवडू लागली. किडा शोधला, खडा शोधला, बुरशी शोधली. काहीच सापडेना, तरी तिची बोटं थांबेनात. तापीला ते बघवेना. आत्याबाईंच्या वेळी या बायांनी हा तांदूळ न बघता आधणात वैरला असेल! तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती म्हातारीशेजारी बसली आणि तीही निवडू लागली.

म्हातारीनं तिच्याकडं बघितलं. मग तांदळावरचा हात काढून तिनं तापीच्या हातावर ठेवला. चूल पेटली, भात झाला, पोरं जेवली. पहिला घास म्हातारीनं तापीला भरवला.

तापी परत आली. बंदरावर कान्हूशेट उभा. "काय म्हणाली ती माणसं?"

"आधी निवडलं. मग जेवली."

कान्हूशेटची मान खाली गेली. त्यानं फळी उतरवली, सूप हातात घेतलं, तापीशेजारी पडवीत बसला. त्या दिवसापासून दुकानचा तांदूळ शिजला, कुळीथ भिजले, गूळ गोड झाला. गिऱ्हाईक परतलं.

पुढं बेटावर पाऊस पडला, माती गोडी झाली, शेतं डोलली. पुनवेला धाकू निघाला, तो जितकं नेलं त्याच्या दुप्पट धान्य घेऊन परत आला. तापी घाबरली. "भाऊ, घेतलं नाही का त्यांनी?"

"घेतलं नाही, वहिनी. उलट वर त्यांचं घातलं. म्हातारीनं हात लांब करून दाखवलं. त्यांच्याही पलीकडं एक बेट आहे, तिथं उपास पडलेत. म्हणून विचारायला आलो, गलबत तिकडं हाकारू का?"

तापी म्हणाली, "हाकारा."

जशी दर्यामाय तापीला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो, पैलतीराच्या माणसांना पावो. साठा बोलांची ही कहाणी पाचा बोलांत सुफळ पुरी झाली.